जिवंत कुत्र्याची समाधी

कुत्रा म्हातारा झाला की आजूबाजूची माणसं एकाएकी शहाणी होतात. ज्यांनी त्याला कधी भाकरीचा तुकडा घातला नाही, तीही उंबऱ्याशी उभी राहून सांगू लागतात, आता याची सुटका करा. सुटका हा शब्द त्या वर्षी मी इतक्या तोंडून ऐकला की अजूनही तो कुणी उच्चारला तर माझं डोकं फिरतं. सुटका कुणाची? वास येत होता तो तुम्हाला. त्याच्या कण्हण्यानं झोपमोड होत होती ती तुमची. कुत्र्यानं कुणापाशी काही मागितलं होतं?

माझे वडील धारला एका सरदारांच्या शिकारखान्यात कुत्र्यांचे रखवालदार होते. आमची खोली शिकारखान्याच्या आवारातच. वडील कुत्र्यांना खाऊ घालायचे, फिरवायचे, त्यांच्या जखमा धुवायचे, आणि आई रोज सगळ्या कुत्र्यांच्या भाकऱ्या भाजायची. आधी कुत्र्यांच्या, मग आमच्या. पीठ एकच असायचं, परातही एकच. शाळेतल्या पोरांना हे कळलं तेव्हा त्यांनी मला काय नाव ठेवलं ते इथे लिहीत नाही.

मला शाळेत घातलं ते सरदारांनी. माझी फी त्यांनी भरली, पुस्तकं त्यांनी दिली, आणि पुढे इंदूरला कॉलेजात राहायची सोयही त्यांनीच केली. आमच्या घराण्यात माझ्याआधी कुणाला स्वतःची सही येत नव्हती, आणि मी बी.ए. झालो. सरदार नसते तर मीही त्या आवारात पराती घासत म्हातारा झालो असतो. हे मी कधी विसरलो नाही, आज लिहितानाही विसरलेलो नाही. मला त्यांच्याबद्दल काहीच वाटत नसतं तर एवढा रागही आला नसता.

ज्या कुत्र्याची ही हकिगत आहे तो त्या शिकारखान्यातला सगळ्यात नामांकित कुत्रा. करड्या रंगाचा, लांब तोंडाचा, हरणासारख्या कमरेचा. धरमपुरीच्या बाजूच्या रानात एकदा सरदारांनी छावणीतल्या एका साहेबाला शिकारीला नेलं होतं. साहेब घोड्यावरून पडला आणि रानडुक्कर त्याच्यावर धावून गेलं. या कुत्र्यानं डुकराचा कान धरला आणि बंदुका येईपर्यंत सोडला नाही. त्याची मांडी फाटली. वडिलांनी ती दोऱ्यानं शिवली आणि आईनं त्याचं डोकं मांडीवर धरून ठेवलं. साहेब वाचला. धारच्या बैठकांतून ही गोष्ट कितीतरी वर्षं सांगितली जायची. सांगणाऱ्यागणिक डुक्कर मोठं होत गेलं.

पण शिकारखान्याचा रिवाज असा होता की कुत्रा शिकारीला निकामी झाला की त्याला तबेल्यामागे न्यायचं आणि शिकाऱ्यानं गोळी घालायची. वडिलांनी कितीतरी कुत्री स्वतः दोरी धरून तबेल्यामागे पोचवली होती. त्या दिवशी ते जेवत नसत, एवढंच. या कुत्र्याची पाळी आली तेव्हा मात्र ते सरदारांपुढे जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, सरकार, एवढा मला द्या. सरदार गंजिफा खेळत होते. पानांवरून नजर न उचलता म्हणाले, "घेऊन जा."

तो आमचा झाला तो असा. आम्ही त्याला म्हातारबा म्हणू लागलो.

प्लेगच्या साथीत वडील गेले. मला तेव्हा देवासला शाळेत मास्तरची नोकरी लागली होती. मी आईला न्यायला धारला गेलो, तर ती दारात गाठोडं घेऊन बसलेली आणि शेजारी म्हातारबा. "हा येणार असेल तर मी येते," म्हणाली. बैलांच्या दमणीत गवत अंथरलं, त्यावर गोणपाट घातलं आणि आम्ही निघालो. धारहून इंदूर आणि इंदूरहून देवास. दर खाचखळग्याला त्याची कंबर आपटायची आणि तो तोंड उघडून नुसता श्वास घ्यायचा, ओरडायचा नाही. शिकारी कुत्र्याला न ओरडण्याची शिकवण असते. इंदूर गाठेपर्यंत त्याच्या मागच्या पायांतलं उरलंसुरलं बळ गेलं. देवासला पोचलो तेव्हा त्याला उचलूनच उतरवावं लागलं आणि त्यानंतर तो स्वतःहून कधीच नीट उभा राहिला नाही. आणखी एक असा प्रवास म्हणजे याचा शेवट, हे तेव्हाच मला कळून चुकलं.

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झाला होता. ऐकू जवळजवळ येत नव्हतं. दाढा गेल्या होत्या, म्हणून आई ज्वारीची भाकरी ताकात भिजवून, बोटांनी कुस्करून, गोळे करून भरवायची. कोपरांना पडून पडून चट्टे पडले होते. ते कडुलिंबाच्या पाण्यानं धुवायचे आणि करंजाचं तेल लावायचं. चुकून एक दिवस राहिलं तर माशा बसायच्या आणि मग अळ्या काढायचं काम. त्याला लघवीला उभं करायचं तर माझं एक जुनं धोतर घडी करून त्याच्या पोटाखालून घालायचं, एक टोक आईनं धरायचं, एक मी. तो असा झोळीत लोंबकळत उभा राहायचा आणि मान वर करायचा. अशा वेळी कुणी बघत असलं तर तो करायचाच नाही. आई म्हणायची, "तोंड फिरव रे. लाज वाटते त्याला." बी.ए. झालेला मी रोज सकाळी अंगणात भिंतीकडे तोंड करून उभा राहायचो.

शाळेतले माझे सहकारी यावर फार खूश होते. "मास्तर, म्हातारबांना मॅट्रिकला बसवताय का यंदा?" एक जण विचारायचा. दुसरा म्हणायचा, "छे हो, ते पेन्शनवर आहेत. दरबारची नोकरी झालीय त्यांची." इथवर ठीक होतं, मीही हसायचो. पण मग आवाज उतरवून, हिताचं सांगितल्यासारखं, "खरं सांगू का, एकदा सुटका करून टाका." घरमालक यायचा तो नाकाला उपरण्याचा शेव लावूनच. त्याच्या मते कुत्र्यामुळे घराला दोष लागत होता. आई दिवसातून दोनदा जमीन सारवायची. त्या घरमालकाच्या स्वतःच्या ओसरीवर त्याचा बाप लकवा होऊन पडलेला होता आणि त्याच्याकडे कुणी फिरकत नसे, हे अख्ख्या आळीला माहीत होतं. मी एकदा ते तोंडावर बोललो. पुढे त्यानं माझ्याशी बोलणं टाकलं. बरं झालं.

एकच माणूस कधी सुटका म्हणाला नाही. तो आमच्या समोरचा भडभुंज्या. दिवसभर चणे-फुटाणे भाजायचा, माळवी बोलायचा आणि मला मास्टर भिया, म्हणजे मास्तरभाऊ, म्हणायचा. आमच्या बाजूला सकाळचं ऊन येत नसे, त्याच्या ओट्यावर यायचं, शिवाय भट्टीची ऊब. आम्ही म्हातारबाला उचलून तिथे नेऊन ठेवायचो. "डोकरो कसो है?" तो विचारायचा, आणि मी काही सांगायच्या आत आपणच म्हणायचा, "डोकरो है, ने कसो रेगो?" म्हातारा आहे, आणखी कसा असणार. तेवढंच. सल्ला नाही.

देवास बाहेरच्या माणसाला समजावून सांगावं लागतं. एकाच गावात दोन राज्यं, दोन पात्या, दोन दरबार. आमचा रस्ता त्यांच्या मधोमध. आमची घरं एका पातीत आणि समोरचा भडभुंज्या दुसऱ्या पातीत. या बाजूच्या शिपायाला त्या बाजूला अंमल नाही आणि त्या बाजूच्याला या बाजूला नाही. आम्हाला त्यात विशेष काही वाटत नसे. ऊन दुसऱ्या राज्यात पडतं, म्हणून कुत्रा रोज सकाळी त्या राज्यात जायचा, इतकंच.

थंडी सुरू झाली आणि एका सकाळी सरदारांचे कारभारी दारात येऊन उभे राहिले.

हे कारभारी मला लहानपणापासून ओळखत. फीचे पैसे त्यांच्या हातून मिळत, आणि दर वेळी ते दोन शब्द ऐकवत. मी वाकून नमस्कार केला. आईनं घोंगडी अंथरली आणि पानाचं तबक पुढे केलं.

"सरकार तुझी फार आठवण काढतात," कारभारी पान लावत म्हणाले. "आपला मुलगा देवासला मास्तर आहे म्हणून सांगतात चारचौघांत."

मला खरोखर बरं वाटलं.

"आणि याचीही काढतात." त्यांनी कोपऱ्यातल्या म्हातारबाकडे बोट केलं. "सरकारांच्या मनात आलंय, या कुत्र्याची बागेत समाधी बांधावी. घडीव चौथरा, वर दगड. दगडावर चार ओळी कोरायच्या, त्या तू लिहायच्यास. मराठीतून आणि इंग्रजीतून. बी.ए. आहेस, सरकारांनी केलेल्या खर्चाचं चीज होऊ दे."

"पण तो तर जिवंत आहे," मी म्हणालो.

"हो, हो. त्याचे शेवटचे दिवस मानानं, आपल्या जागी जावेत एवढीच सरकारांची इच्छा. मी गाडी आणलीय. दुपारी घेऊन जातो."

मी सांगितलं की तो वाटेतच मरेल. मागचा प्रवास सांगितला, कंबर दाखवली. कारभाऱ्यांनी लांबूनच बघितलं आणि पान तोंडात टाकलं. "ते गाडीवान बघेल. तू ओळी तयार ठेव." आणि ओळखीच्या एका गृहस्थांकडे जेवायला निघून गेले.

ते जाताच माझं आणि आईचं भांडण झालं. आई म्हणाली, द्यायचा.

"सरकारांचं खाल्लंय आपण. मागताहेत तर नाही कसं म्हणायचं?"

"तेव्हा तबेल्यामागे न्या म्हणाले होते, आई. ते विसरलीस?"

"तो रिवाज होता. आता माया आली असंल. माणसाला येत नाही का मागाहून? समाधी बांधताहेत, भिया, खेळ आहे का?" आई धारची, मध्येच अशी भिया म्हणायची. "आणि तुझ्या बापाच्या हातचा कुत्रा. त्याच्या नावानं दगड उभा राहील. तुझ्या बापाच्या नावानं राहिलाय का?"

वडिलांना प्लेगच्या गर्दीत कुठे जाळलं तेही आम्हाला धड ठाऊक नव्हतं. पण राग काही ओसरेना. सरदारांचं खाल्लं म्हणून नाही म्हणता येत नव्हतं आणि हो म्हणवत नव्हतं. आईनं गाठोडं बांधायला घेतलं. करंजाच्या तेलाची बाटली, धोतराची घडी, भाकरीचं पीठ. वरच्या कप्प्यातून वडिलांचा जुना पटका काढून म्हातारबाच्या डोक्याखाली ठेवला. मी कागद घेऊन बसलो आणि खरंच ओळी जुळवू लागलो. इमानी हा शब्द लिहिला आणि तिथेच अडकलो. तो शब्द सरदारांनी कुत्र्यासाठी मागवला होता, पण खर्चाचं चीज होऊ दे म्हणताना कारभाऱ्यांनी तो मलाच लावला होता. मी कागद चुरगाळून चुलीत टाकला.

दुपारी कारभारी आले ते आमच्या पातीचा एक शिपाई बरोबर घेऊन. फौजदाराशी त्यांची ओळख होती. "हरकत नको कसली," ते हसून म्हणाले. "कुत्रा सरकारांच्या मालकीचा. तुझ्या बापाकडे नुसता सांभाळायला होता." गंजिफाच्या डावावरचा तो शब्द असा एका क्षणात पुसला गेला. पण मी काही बोलायच्या आत आई गाठोडं घेऊन पुढे आली.

"हे बघा, कारभारीसाहेब, भाकरी ताकातच भिजवायची, दुधात नाही, जुलाब होतात. कुस्करून, गोळे करून. त्याला स्वतः खाता येत नाही. कोण भरवणार तिकडे?"

"बाई, ते कशाला आता..."

"आणि उभं करताना हे फडकं पोटाखालून. दोन माणसं लागतात. आणि त्याच्याकडे बघायचं नाही. तेल रोज. एक दिवस चुकलं की माशा बसतात."

"अहो, तेवढी वेळच यायची नाही." कारभारी वैतागले. "साहेब या आठवड्यात यायचेत."

"कोण साहेब?"

"तेच ते, डुकराचे. विलायतेला चाललेत कायमचे. जाण्यापूर्वी सरकारांना भेटायला येताहेत."

"मग साहेबाला कुत्रा दाखवायचाय?" आईला अजून आनंदच होत होता.

कारभाऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं, जसं शिकल्या-सवरलेल्या माणसानं तरी समजून घ्यावं. "मागे छावणीत चहाला साहेबांनी विचारलं, माझा तो कुत्रा कसा आहे? सरकारांना वाटलं, इतकी वर्षं झाली, मेलाच असणार. बोलून बसले, गेला तो, आम्ही बागेत समाधी बांधलीय. साहेबांचे डोळे भरून आले म्हणे. म्हणाले, जाण्यापूर्वी फुलं वाहून जाईन. आता चौथरा झाला, दगड झाला, आणि कुणीतरी येऊन सांगितलं की कुत्रा देवासला मास्तराच्या घरी जिवंत आहे. आणि साहेबांचा रस्ता देवासवरून जातो! उद्या कुणी इथे दाखवलान म्हणजे सरकारांची काय शोभा राहील?"

आईला समजायला थोडा वेळ लागला. तिनं गाठोडं खाली ठेवलं.

"म्हणजे तो मरायची वाट बघणार नाही तुम्ही."

"बाई, चौथऱ्याखाली कुत्रा नको? आणि असं बघा, त्याचीही सुटकाच की."

तो शब्द त्यांनी उच्चारला. मी तोंड उघडणार होतो. काय बोललो असतो देव जाणे, बहुधा आयुष्यभर पुरलं असतं. पण आईनं मला बोलू दिलं नाही. धोतराची घडी उलगडून तिनं म्हातारबाच्या पोटाखालून घातली आणि म्हणाली, "उचल."

"आई..."

"उचल म्हणते ना! बी.ए. झालास, ऐकू येत नाही का?"

आम्ही त्याला झोळीत उचलला. कारभाऱ्यांना वाटलं, गाडीत ठेवतोय. ते बाजूला झाले, धुवट धोतराला कुत्र्याचा स्पर्श नको म्हणून आणखीच बाजूला झाले. गाडीवानानं मागची फळी पाडली. आई गाडीकडे बघितल्यासारखं न करता तिच्या बाजूनं गेली आणि सरळ रस्ता ओलांडू लागली. मी मागचं टोक धरून तिच्या मागे. रस्ता केवढासा, पण मधोमध म्हातारबाचा पाय झोळीतून घसरला आणि आम्हाला थांबावं लागलं. तेवढ्यात कारभारी ओरडले, "अरे, धर त्यांना!" शिपाई धावला.

धावला तो रस्त्याच्या निम्म्यापर्यंत, आणि तिथे उभा राहिला.

"जा ना पुढे!"

"साहेब, तिकडे दुसरी पाती." शिपाई अगदी केविलवाणा झाला होता. "तिकडे हात टाकला तर उद्या दोन्ही दरबारांत लिखापढी होईल. माझी नोकरी जाईल हो."

भडभुंज्यानं सगळं पाहिलं होतं. त्यानं ओट्यावरचे चण्याची पोती ओढून जागा केली आणि आम्ही म्हातारबाला भट्टीच्या अंगाला ठेवलं. त्याला जागेचा वास ओळखीचा. त्यानं तोंड पंजावर टेकलं. भडभुंज्या हातातला लांब दांड्याचा झारा न सोडता ओट्याच्या कडेला येऊन उभा राहिला.

कारभारी स्वतः रस्ता ओलांडून आले. त्यांना कुणी अडवणार नव्हतं, पण त्या बाजूला त्यांची कुणाशी ओळख नव्हती. "हा कुत्रा धारच्या सरदारांचा आहे," ते म्हणाले.

"व्हेगो," भडभुंज्या म्हणाला. असेल. "अबार तो म्हारो पावणो है. म्हारे ओटले पे कुण हाथ लगावे, देखूं." आत्ता तो माझा पाहुणा आहे, माझ्या ओट्यावर कोण हात लावतो बघतो.

"तुझा काय संबंध रे?"

"ने थारो कईं?" आणि तुमचा काय?

कारभारी त्याच्याशी बोलणं कमीपणाचं समजून माझ्याकडे वळले. "कुणाच्या अन्नावर बी.ए. झालास? कृतघ्न! सरकारांना काय सांगू मी?"

मला वाटत होतं, अशा वेळी माझ्या तोंडून मोठं काहीतरी निघेल. इतकी वर्षं शिकलो होतो. निघालं ते एवढंच, "सांगा की म्हातारबा जेवायचाय अजून." आईनं तिथेच बसून ताक मागवलं. भडभुंज्याच्या बायकोनं दिलं. आईनं गाठोड्यातली भाकरी कुस्करली आणि कारभाऱ्यांच्या देखत एकेक गोळा भरवत राहिली. रस्त्यावर माणसं जमली होती. आमचा घरमालकही होता, नाकावरचं उपरणं बाजूला करून. कारभारी गाडीत बसले आणि गेले.

त्या दिवसापासून म्हातारबाला आम्ही परत घरी आणलं नाही. आमच्या बाजूला आणला की शिपायाची भीती. भडभुंज्यानं ओट्याच्या आतल्या अंगाला त्याला गवत टाकून दिलं. आई सकाळ-संध्याकाळ त्या राज्यात जाऊन त्याला भरवायची, मी शाळेतून सुटलो की धोतराचं दुसरं टोक धरायला. सहकाऱ्यांनी विचारलं, म्हातारबांची बदली झाली वाटतं? मी हसलो नाही. नंतर त्यांनी विचारलं नाही.

थंडी संपेपर्यंत तो जगला. शेवटी शेवटी गोळा तोंडात घेऊन तसाच ठेवायचा, गिळायचा नाही. आई बोटानं काढून टाकायची आणि परत भरवायची. एका दुपारी ती भरवत असतानाच गेला. तिला ते लगेच कळलंही नाही, कारण तो आधीपासूनच इतका गप्प होता. भडभुंज्याच्या परसात आम्ही त्याला पुरला. दगड ठेवला तो कुत्र्याकोल्ह्यांनी उकरू नये म्हणून.

पुढच्या दसऱ्याला मी धारला गेलो. दरवर्षी सरदारांना सोनं द्यायला जायचो, तेव्हाही गेलो. आईनंच जा म्हटलं. म्हणाली, ते चुकले म्हणून आपण चुकायचं नाही. सरदारांनी आपट्याची पानं घेतली, "बरा आहेस ना?" विचारलं आणि पुढच्या माणसाकडे वळले. रागावलेले दिसले नाहीत. त्यांच्या लेखी ती गोष्ट एवढी मोठी नव्हतीच. मी ज्या गोष्टीनं वर्षभर आतून जळत होतो, ती त्यांना आठवतही नसावी, आणि तेच मला त्यांच्या रागापेक्षा जास्त लागलं.

बाहेर कारभारी भेटले. तेही गोड बोलले. "ये, दगड दाखवतो. तू काही ओळी दिल्या नाहीस, इंदूरहून लिहून आणवाव्या लागल्या."

बागेत चौथरा होता. चांगला घडीव, कडेनं झेंडूची झाडं. दगडावर इमान, शौर्य असे शब्द होते. साहेब इथे टोपी काढून किती वेळ उभा होता ते कारभाऱ्यांनी सांगितलं.

"आणि खाली?" मी विचारलं. "खाली तर काही नाही."

"नाही कसं?" कारभारी म्हणाले. "रिकाम्या खड्ड्यावर साहेबाला टोपी काढायला लावायची का? सरकारांना ते पटेना. म्हणाले, अधर्म होईल. मग एक कुत्री होती, लंगडत होती पुढच्या पायानं, तिला गोळी घातली आणि खाली पुरली. तुझ्यामुळे झालं हो ते. तू वेळेवर दिला असतास तर ती आणखी दोन वर्षं निघाली असती."

हात पुढे करून त्या चौथऱ्याचा एक एक दगड उपटावा असं मनात आलं. माझ्या हातात सरदारांनी परत दिलेली आपट्याची दोन पानं होती, ती चुरगळून त्यांचा चुरा झाला. कारभारी मात्र पाहुण्याला बाग दाखवल्यासारखे झेंडूबद्दल सांगत होते.

देवासला परतल्यावर आईला सांगावं की नाही हे ठरत नव्हतं. पण तिनं पहिल्यांदा तेच विचारलं, दगड बघितलास का? मी सगळं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती.

"लंगडी? पुढच्या पायानं?" तिनं सूप बाजूला ठेवलं. "पांढऱ्या छातीची का?"

मी म्हणालो, रंग मी विचारला नाही.

"तीच असणार. काटा होता पायात. तुझ्या बापानं काढायला घेतला होता, मग तो आजारी पडला. मागाहून कुणी काढलाच नाही." बाजूच्या सुपातला एक खडा तिनं उचलून बाहेर टाकला. "नुसता काटा रे. सुई तापवून निघाला असता."

मग तिनं सूप परत मांडीवर घेतलं आणि मान वर न करता म्हणाली, "पुढच्या दसऱ्याला जायचं नाही तू."

मी गेलो नाही. त्यानंतर कधीच गेलो नाही. सरदार वारले तेव्हा मात्र मी शाळेतून रजा घेतली, आंघोळ केली आणि दिवसभर घरात बसून राहिलो.